टेप न लावता कापलेला कोट

९ जानेवारी

प्रिय बाबा,

फोनवर माझा आवाज तुमच्या मशीनच्या आवाजाखाली दबतो आणि तुम्ही दर वाक्याला "काय?" म्हणता. तेच वाक्य दुसऱ्यांदा म्हणताना मला ते खोटे वाटू लागते. म्हणून लिहिते आहे.

आनंदाची गोष्ट आधी. चित्रकाराचे आणि माझे लग्न मे महिन्याच्या मध्यावर ठरले. नोंदणी कचेरीत सह्या, आणि मागच्याच सभागृहात दोन्हीकडच्या मोजक्या माणसांचे जेवण. त्याचा कोट तुम्ही शिवणार, हे गेल्या खेपेस कबूल केले आहेत. तो मात्र तुम्हाला घाबरून आहे. "तुझे बाबा माझ्याकडे बघायला लागले की मी माणूस नसून कापडाचा तागा आहे असं वाटतं," असे म्हणतो. छापखान्यात मी ज्या पाठ्यपुस्तकांतल्या चुका काढते, त्यांतली चित्रे काढताना तो असा कधी घाबरलेला मी पाहिला नाही.

आता दुसरी गोष्ट. काल आत्याचा फोन आला होता. ती रडत होती. "तुझ्या बाबांना विचार, तो राखाडी कोट टेप न लावता कसा कापला? चिठ्ठी कुठंय त्याची?" एवढेच पुन्हा पुन्हा म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

आपल्या दुकानाचा नियम मला आठवतो. तुम्ही टेप लावून आकडा मोठ्याने सांगायचा, आत्याने तो चिठ्ठीवर लिहायचा, आणि ती चिठ्ठी टाचणीने कापडाला लागल्याखेरीज कात्री उचलायची नाही. आईच्या कपड्यांनाही तुम्ही या नियमातून सूट दिली नव्हती. मग चिठ्ठीशिवाय कोट कसा कापला गेला? बाबा, रागावू नका. पण हल्ली तुम्हाला विसर पडतो का? पडत असेल तर त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. या वयात वेळेवर डॉक्टरांना दाखवलेले बरे. मी रजा काढून येईन.

तुमची,
कुजबुज

---

१७ जानेवारी

प्रिय कुजबुज,

डॉक्टर नको. मी काही विसरलेलो नाही. माप पाठ होतं, म्हणून टेप लावली नाही.

कोट सरांचा आहे. तलावावरचे सर तुला आठवत असतील. आई गेल्यानंतर गुडघ्यासाठी मी पोहायला जायला लागलो, तेव्हा पंचावन्नाव्या वर्षी मला पाण्यावर तरंगायला शिकवणारे तेच. तरुणपणी उंच फळीवरून उडी मारताना त्यांच्या गळ्याजवळचं हाड मोडलं होतं. तेव्हापासून उजवा खांदा डाव्यापेक्षा अर्धा इंच खाली. तयार कोट घातला की ते कायम एका बाजूला कललेल्या कपाटासारखे दिसायचे.

ट्रायलला तुझी आत्या शेजारी उभी होती. कोट त्यांच्या अंगावर असा बसला की कच्चा टाकासुद्धा उसवावा लागला नाही. इतकी वर्षं तिनं माझ्या ट्रायली बघितल्यात. पहिल्याच ट्रायलला कोट असा बसत नसतो, हे तिला कुणी सांगायला नको. सर निघून गेल्यावर तिनं विचारलं, "खांदा अर्धा इंच खाली आहे, हे तुला टेपशिवाय कसं कळलं?"

अंदाजानं, असं म्हणता आलं असतं. पण अंदाजानं कापणारा शिंपी मी नाही, हे तिलाही ठाऊक आणि मलाही. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला खोटं बोलायचा मनापासून कंटाळा आला. मी म्हटलं, "रोज बघतो म्हणून."

ती म्हणाली, "रोज म्हणजे?"

मी म्हटलं, "रोज म्हणजे रोज."

आता तुला स्पष्ट लिहितो, कारण तू चुका काढणारी मुलगी आहेस आणि अर्धवट वाक्यं तुला सहन होत नाहीत. मी गे आहे. हा शब्द मी आयुष्यभर पेपरात दुसऱ्यांबद्दल वाचला. स्वतःबद्दल मोठ्यानं म्हटला तो पहिल्यांदा सरांपुढे, आणि दुसऱ्यांदा त्या ट्रायलच्या दिवशी तुझ्या आत्यापुढे. तिसऱ्यांदा तुला लिहितोय. दर वेळी सोपा होतो.

सर आणि मी चार वर्षं एकमेकांचे आहोत. आणि तो राखाडी कोट तुझ्या लग्नासाठी आहे. सर माझ्याबरोबर येतील.

चित्रकाराला म्हणावं, तागा होऊन ये. कापड काढून ठेवलंय.

तुझा,
बाबा

---

३० जानेवारी

प्रिय बाबा,

तुमचे पत्र मी आधी मुलगी म्हणून वाचले, मग मुद्रितशोधक म्हणून. त्यात एकही चूक सापडली नाही, आणि त्याचाच मला राग आला.

तुम्ही जे आहात त्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही. हे वाक्य मी कितीदा तरी खोडून पुन्हा लिहिले. तरी ते परीक्षेतल्या उत्तरासारखेच दिसते. ते खरे आहे, एवढे मात्र माना.

पण एक विनंती आहे. चित्रकाराचे वडील निवृत्त मुख्याध्यापक आहेत. जेवायला बसले तरी हजेरी घेत असल्यासारखे सर्वांकडे पाहतात. त्यांच्या घरात मी अजून पाहुणी आहे. पेला कुठे ठेवायचा हेही विचारून ठेवते. अशा घरी पहिल्याच महिन्यात हे सांगण्याचे बळ माझ्यात नाही. आत्या आणि काका येणार नाहीत असे म्हणत आहेत, ते वेगळेच. लग्न पार पडेपर्यंत सरांना घरी राहू द्या. त्यानंतर सर्वांना सांगितले तरी चालेल ना? मी त्यांना नाकारत नाही. केवळ थोडे थांबायला सांगते आहे.

आईला ठाऊक होते का? उत्तर देणे जड वाटत असेल तर देऊ नका. पण प्रश्न मनात आला आणि तो मी लपवला, असे व्हायला नको.

आणखी एक. हे क्षुद्र आहे हे मला कळते, तरी विचारते. माझ्या प्रत्येक वाढदिवसाला तुम्ही मला आरशासमोर उभे करून माप घेता. गेल्या कित्येक वर्षांत त्यात सुताइतकाही फरक पडलेला नाही. आत्या तर मी हात वर करण्याआधीच आकडे लिहून मोकळी होते. तरी तुम्ही टेप लावताच. चार वर्षांत त्यांचे माप तुम्हाला पाठ झाले आणि सव्वीस वर्षांत माझे झाले नाही?

तुमची,
कुजबुज

---

५ फेब्रुवारी

प्रिय कुजबुज,

नाही.

थोडं थांबा, असं मला सांगणारी तू पहिली नाहीस. पहिला मीच. धाकट्याला नोकरी लागू दे, बहिणीचं बस्तान बसू दे, म्हातारा-म्हातारी सुखानं जाऊ देत, पोरगी मोठी होऊ दे. माझ्याकडे गिऱ्हाइकं येतात आणि म्हणतात, "मास्तर, जरा बारीक झालो की कोट टाकतो शिवायला." ती कधीच परत येत नाहीत. कपडा आहे त्या अंगाला शिवायचा असतो. हे मी सगळ्यांना सांगत आलो, आणि स्वतःचं कापड मात्र कपाटात ठेवून दिलं.

आईला ठाऊक नव्हतं. मलाच धड ठाऊक नव्हतं. जे होतं त्याच्याकडे मी पाठ करून उभा होतो. तू मला त्याबद्दल बोल लावशील तर लाव. पण तिच्या आजारपणात मी तिच्या उशाशी बसलो तो माणूस खोटा नव्हता, आणि आता सरांबरोबर चहा पितो तोही खोटा नाही.

मी एकटा येणार नाही. एकट्यानं यायचं असेल तर त्या दिवशी दुकान उघडं ठेवीन. कामात लक्ष लागणार नाही, हातून बोट कापलं जाईल, पण येणार नाही. सर म्हणतात, "पोरीचं लग्न आहे, हट्ट नको. मी बसतो घरी." त्यांच्याशीही भांडलो. ज्याला पाण्यात कुणी कधी घाबरलेलं बघितलं नाही, तो माणूस चार खुर्च्यांच्या सभागृहाला का घाबरतो, असं विचारलं. त्यावर ते टॉवेल उचलून तलावावर निघून गेले.

चित्रकाराची मापं पाठव. कोट पोस्टानं येईल. त्यात माझा राग शिवला जाणार नाही, काळजी करू नकोस.

टेपचं नंतर. आत्ता डोकं ठिकाणावर नाही, आणि अशा वेळी कात्री चालवू नये एवढं मी शिकलोय.

बाबा

---

२० मार्च

अगं कुजबुजे,

तू बापाला पत्र लिहीत नाहीस, बाप तुला लिहीत नाही, म्हणून मला लिहावं लागतंय. माझं अक्षर तुला गोड मानून घ्यावं लागेल.

मी दुकान सोडलं. का, ते ऐक. बँकेतल्या बाई जाकीट घालून आरशापुढे उभ्या. दादाच्या तोंडात टाचण्या. तेवढ्यात त्याचा तो बेडूक डबा घेऊन हजर. तलावावरून थेट, केस ओले! बाईंनी आपलं सहज विचारलं, "हे कोण हो? रोज दिसतात." मी पटकन म्हटलं, "ओळखीचे आहेत." झालं असतं ना तेवढ्यावर? पण नाही. दादानं तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या, उशीत खोचल्या, आणि म्हणाला, "ओळखीचे नाहीत. माझे आहेत."

मला वाटलं, कापडाच्या ढिगाखाली जाऊन बसावं. आणि बाई काय म्हणाल्या माहितेय? आरशात बघत म्हणाल्या, "बरं. बाही जरा आखूड करा."

सांग, हे काय उत्तर झालं? तिला काहीच वाटलं नाही, याचंच मला जास्त वाटलं. मग मी एकटीच आयुष्यभर लोकांना कशाला लाजत बसले?

साठीला टेकलेला माणूस! या वयात लोक गुडघे चोळत बसतात. तुझा काका म्हणतो, तो माणूस लग्नात दिसला तर मी बायकापोरांना घेऊन पायरी चढणार नाही. मीही नाही. तू दादाला लिही. तू पहिल्या नंबरात येणारी, तुझं ऐकेल. माझं कोण ऐकतंय.

समोरची बटणवाली सांगते, आता चिठ्ठ्या तो लिहितो. माझ्या खुर्चीत बसून! पाच काढतो की गांडूळ काढतो, समजत नाही म्हणे. छाती पंचेचाळीस की त्रेचाळीस, कसं कळणार? शर्ट बिघडले की मग येतील माझ्याकडे. दादाचा आवाज टाचण्यांतून कसा येतो, "साडे" म्हणतो की "सव्वा" म्हणतो, ते ओळखायला जन्म जातो.

तुझ्या चित्रकाराचं कापड तसंच पडलंय. तू मापं पाठवली नाहीस म्हणे. दादा रोज ते काढतो, हात फिरवतो, परत ठेवतो. हेही बटणवालीच सांगते. मी काही डोकावायला जात नाही.

तुझी,
आत्या

---

२ एप्रिल

प्रिय आत्या,

तुझे पत्र मिळाले. अक्षर गोड मानून घेण्याची गरज पडली नाही. ते नेहमीच सुवाच्य होते. तुझ्या चिठ्ठीवरचा एकही आकडा बाबांनी कधी दुसऱ्यांदा विचारला नाही, हे मी लहानपणापासून पाहत आले आहे.

तू म्हणतेस तसे बाबांना लिहावे, असे मी ठरवलेही होते. कसे लिहावे याचाच विचार करत परवा चित्रकाराच्या घरी जेवायला गेले. त्याच्या वडिलांनी विचारले, "तुमच्याकडची माणसं किती धरायची?" मी म्हणाले, "बाबा, आत्या, काका, काकू, त्यांची मुले, आणि सर."

"सर कोण? शाळेतले?"

आत्या, इथे मला खोटे बोलण्याचीही आवश्यकता नव्हती. फक्त गप्प राहायचे होते, आणि त्या विषयात माझा पहिला क्रमांक कुणी हिरावून घेऊ शकत नाही. पण माझ्यासमोर बाबा उभे राहिले, तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढणारे. तूच ते चित्र मला पाठवले होतेस. मी म्हणाले, "बाबांचे जोडीदार."

आवाज नेहमीसारखाच. त्यामुळे ते म्हणाले, "काय?"

तेव्हा मला तेच वाक्य दुसऱ्यांदा म्हणावे लागले. दुसऱ्यांदा म्हटलेले वाक्य खोटे वाटते, असे मी बाबांना एकदा लिहिले होते. मी चुकीचे लिहिले होते. दुसऱ्यांदा म्हणताना ते शेजारच्या खोलीतही ऐकू गेले असावे, कारण तिथला रेडिओ कुणीतरी बंद केला.

त्याच्या वडिलांनी समोरची वाटी बाजूला सरकवली. मग म्हणाले, "हे लग्न झाल्यावर सांगितलं असतं तरी चाललं असतं."

आत्या, ते माझे वाक्य होते. जवळजवळ शब्दशः माझे. जानेवारीत मी ते बाबांना लिहिले, तेव्हा मला ते समंजस वाटले होते. समोरून आले तेव्हा कळले की त्या वाक्यात एका माणसाला दाराबाहेर उभे केलेले आहे, आणि आतले सगळे स्वतःला सभ्य समजून जेवत आहेत. माझ्या हाताने पेला कलंडला, पाणी टेबलभर झाले. तरी मी म्हणाले, "तुम्हाला चालले असते. मला चालणार नाही."

त्याची आई म्हणाली, "अहो, गार होतंय, जेवा आधी." चित्रकार फडके घेऊन पाणी पुसत होता. पुसता पुसता म्हणाला, "म्हणजे एकूण खुर्च्या किती?" याच माणसाशी लग्न करायचे हे मी पूर्वी ठरवले होते, त्या क्षणी ते पुन्हा एकदा ठरवले.

त्याचे वडील माझ्याशी अजून मोजकेच बोलतात. ते येतील की नाही, ठाऊक नाही. न आले तर वाईट वाटेल, पण लग्न होईल.

आता तुझ्या अटीचे उत्तर. तुझी खुर्ची धरली आहे. काकांची धरली आहे. सरांचीही धरली आहे, बाबांच्या शेजारची. तुम्ही बसायचे की नाही ते तुमचे तुम्ही ठरवा. पण एकाला बसवण्यासाठी दुसऱ्याची खुर्ची उचलली जाणार नाही. तू माझी आत्या आहेस, मला चालायला तू शिकवलेस, आणि हे मी तुला कोणताही आवाज न चढवता सांगते आहे. कारण आता तो चढवावा लागत नाही.

राग येणार नसेल तर एक निरीक्षण नोंदवते. तुझ्या पत्रात सरांबद्दल दोन वाक्ये आहेत आणि चिठ्ठ्यांबद्दल सहा.

तुझीच,
कुजबुज

---

३ एप्रिल

प्रिय बाबा,

पुढच्या शनिवारी दोघेही येत आहोत. मापे पोस्टाने पाठवणार नाही. तागा स्वतः हजर होईल. त्याचा कोट आणि माझे जाकीट, दोन्ही तुम्हीच शिवायचे.

सरांना सांगा, मी त्यांच्या नावाची खुर्ची धरली आहे आणि ती कुणासमोर धरली हे त्यांनी मला प्रत्यक्ष विचारावे. त्यांनी घरी बसण्याचा विचार सोडावा. तो विचार मुळात माझा होता, आणि मी तो परत घेतला आहे.

एक गोष्ट कानावर आली आहे. सर आत्याच्या खुर्चीत बसतात, हे तिला फार लागले आहे. तेवढे पाहा.

टेपचे उत्तर अजून यायचे आहे.

तुमची,
कुजबुज

---

८ एप्रिल

प्रिय कुजबुज,

तुझं पत्र सरांनी मोठ्यानं वाचून दाखवलं, कारण माझा चष्मा सापडत नव्हता. तो कपाळावर होता. सर वाचत वाचत तुझ्या त्या खुर्चीच्या वाक्यापर्यंत आले आणि थांबले. मग म्हणाले, "आज तलावावर जरा उशिरा जातो." दोन महिन्यांपूर्वी विचारलेल्या प्रश्नाचं मला त्याशिवाय दुसरं उत्तर मिळालेलं नाही. पण राखाडी कोट त्यांनी खुंटीवरून काढून पुन्हा घालून पाहिलाय.

आत्याला लिही किंवा नको लिहू, पण तुला सांगतो. तिच्या खुर्चीत कुणी बसत नाही. पहिल्या दिवशी सर बसायला गेले, तेव्हा मी म्हटलं, "ती जागा भरलेली आहे." तेव्हापासून ते उभ्यानं लिहितात, म्हणून पाचाचं गांडूळ होतं. बटणवालीला समोरून नुसती डोकी दिसतात. काल आत्या दुकानावरून गेली. थोड्या वेळानं परत गेली, उलट्या दिशेनं, आणि सावकाश. आत बघितलं असेल तर खुर्ची रिकामी दिसली असेल. मी हाक मारली नाही. माफी मागायला मी उभा नाही, आणि तिची जागा पुसून टाकायलाही नाही. दार उघडं होतं.

आता टेपचं.

तू चार वर्षांची झालीस तेव्हापासून तुला कुणी उचलून घेतलेलं चालायचं नाही. अंग चोरून बाजूला व्हायचीस. मीही तसाच, आपल्या घरात कुणी कुणाला मिठी मारलेली मला आठवत नाही. पण माप घ्यायचं म्हटलं की तू हात पसरून शहाण्यासारखी उभी राहायचीस, आणि छातीभोवती टेप फिरवायची तर मला दोन्ही हात तुझ्याभोवती घ्यावेच लागायचे. वर्षातून एकदा. आकडा मी जरा हळूच वाचायचो. तुझी आत्या लिहून मोकळी झालेली असायची, पण कधी "चल, आटप" म्हणाली नाही. तिलाही कळत असावं.

तुझं माप मला दहाव्या वर्षापासून पाठ आहे. पुढच्या वर्षी किती वाढशील तेसुद्धा आधी कळायचं. पण ते तुला सांगितलं असतं, तर टेप कशाला लावतो म्हणाली असतीस.

सरांना जवळ घ्यायला मला टेपचं निमित्त लागत नाही. एवढाच तो फरक होता. तुझ्या आत्यानं तो बरोबर ओळखला आणि तू चुकीचा वाचलास.

शनिवारी ये. चित्रकाराला टेप लावीन आणि आकडे ओरडून सांगीन, म्हणजे रस्त्यापलीकडेही ऐकू जातील. कुणाला ते नीट लिहावेसे वाटले, तर खुर्ची आहे.

तुझ्यासाठी टेप काढणार नाही. तू फक्त हात पसरून उभी राहा.

तुझा,
बाबा